बेटावरची निवांत सुट्टी आखताना आलेले अनुभव

निळाई:

काल माळ्यावरून जुनी प्रवासी बॅग खाली काढली. बाजूच्या कप्प्याची चेन अर्ध्यावर येऊन अडली, म्हणून नखाने कोरून पाहिले, तर चेनच्या दातांत पांढरी, पिठासारखी बारीक वाळू बसलेली होती. ती मालदीवची वाळू होती आणि सात वर्षे ती तिथेच होती. घरात पुन्हा एखाद्या बेटावर जाण्याचा विषय निघाला आहे, बॅग काढली ती त्यासाठीच. पण ती वाळू बोटावर घेतली आणि त्या सहलीच्या आखणीत माझे काय काय चुकले होते, ते एकामागोमाग एक आठवत गेले.

आरक्षण चार रात्रींचे होते. विमान संध्याकाळी उतरणार होते आणि रिसॉर्टचे बेट दूरच्या ॲटॉलमध्ये, म्हणजे प्रवाळबेटांच्या कड्यात होते, जिथे सी-प्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानेच जावे लागते. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडते, ही साधी गोष्ट मला सगळे पक्के करून झाल्यावर कळली. पहिली रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात गेली. परतीचे विमान पहाटेचे असल्यामुळे आदल्या दुपारीच बेट सोडावे लागले. आरक्षण चार रात्रींचे आणि मुक्काम दोन रात्रींचा, असा तो हिशेब झाला.

त्या दोन दिवसांतही मी प्रत्येक तास भरून टाकला होता. स्नॉर्केलिंग, डॉल्फिन पाहायची बोट, वाळूच्या उघड्या पट्ट्यावरची फेरी, सूर्यास्ताची फेरी, सगळे आधीच ठरवलेले होते. शेवटच्या दुपारी सामान बाहेर ठेवले आणि सी-प्लेनपर्यंत नेणारी बोट यायला वीस मिनिटे आहेत असे समजले, तेव्हा मी पहिल्यांदा खोलीच्या पायरीवर नुसती बसले. शंखात राहणारा एक छोटा खेकडा पायरी चढू पाहत होता. शंख जड असल्यामुळे तो प्रत्येक वेळी कडेपर्यंत येऊन मागे कलंडत होता, आणि तरी पुन्हा त्याच जागेवरून सुरुवात करत होता. तो वर चढला तेव्हा बोट आली. विश्रांतीसाठी इतक्या दूर येऊन मी खरोखर स्वस्थ बसले ती तेवढीच.

या वेळी तसे होऊ द्यायचे नाही. तुम्ही अशी सुट्टी कशी आखलीत, काय चुकले आणि काय मनासारखे जमले, ते कृपया सविस्तर लिहा.

दूरदेशी:

निळाईताई, ही चूक माझ्याकडून होता होता राहिली, तीही रिसॉर्टच्या आरक्षण विभागाने विमानाचा क्रमांक विचारला म्हणून. मालदीवमध्ये सुमारे १,१९२ बेटे २६ नैसर्गिक ॲटॉलमध्ये विखुरलेली आहेत. त्यामुळे ‘मालदीवला जायचे’ एवढे ठरून काहीच ठरत नाही. विमानतळापासून आपल्या बेटापर्यंत कसे पोहोचायचे, हा खरा पहिला प्रश्न आहे. जवळच्या बेटांवर स्पीडबोट जाते आणि ती अंधार पडल्यावरही मिळू शकते. दूरच्या बेटांसाठी सी-प्लेन असते, किंवा देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. आपले विमान दुपारनंतर उतरत असेल, तर त्याच दिवशी सी-प्लेन मिळेल असे गृहीत धरू नये. सामानाच्या वजनाची मर्यादाही मोठ्या विमानापेक्षा कडक असते. मी आता आधी बेट ठरवत नाही. विमानाच्या वेळा समोर ठेवतो आणि त्यांत बसणारे बेट शोधतो.

उन्हाची तिरीप:

आमचे वेळापत्रक बरोबर होते, किनारा चुकला. थायलंडला नोव्हेंबरपासून चांगला हंगाम सुरू होतो असे सगळीकडे वाचले आणि नोव्हेंबरच्या मध्यावर को सामुई बेटावरचे रिसॉर्ट घेतले. सहा दिवसांपैकी साडेचार दिवस पाऊस पडला, आणि तोही असा की समोरचा समुद्र आणि आकाश वेगळे ओळखू येत नव्हते. त्याच आठवड्यात माझी मैत्रीण फुकेतला होती आणि ती रोज स्वच्छ उन्हातले फोटो पाठवत होती. परत आल्यावर मी नीट वाचले, तेव्हा कारण कळले. ईशान्य मोसमी वारे थायलंडच्या आखातावरून येताना बाष्प घेऊन येतात आणि ते पूर्वेकडच्या बेटांवर रिते करतात. पश्चिमेकडचा अंदमान समुद्राचा किनारा तेव्हा कोरडा असतो. मे ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पश्चिमेची बाजू भिजते. देश एकच, पण दोन किनाऱ्यांचे हंगाम वेगळे आहेत. तेव्हापासून मी देशाच्या नावापुढे हवामान शोधत नाही, त्या बेटाचे महिन्यानुसार पर्जन्यमान पाहते. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि ते न केल्याने वर्षभर वाट पाहिलेली सुट्टी गेली याची हळहळ मला अजून वाटते.

बोरू:

तिरीपताई, वाचून फार वाईट वाटले. वर्षातून एकदा मिळणारी सुट्टी अशी जावी हे मनाला लागतेच. निळाईताई, अडलेल्या चेनवर मेणबत्तीचा तुकडा दोन-तीनदा फिरवून पाहा. खाऱ्या वाळूने दात गंजले नसतील तर ती मोकळी होते. मला एक विचारायचे आहे. आमची मुलगी अडीच वर्षांची आहे आणि पाण्यावर बांधलेल्या व्हिलाचे फोटो पाहून आम्हा दोघांनाही मोह झाला आहे. लहान मूल घेऊन तिथे कोणी राहिले आहे का?

घरटे:

बोरू, आम्ही राहिलो आहोत, म्हणून कळकळीने सांगते की मूल एवढे लहान असताना ती व्हिला घेऊ नका. डेकवरून पाण्यात उतरणारा जिना उघडाच होता आणि कठड्याच्या फळ्यांमधून मूल सहज निसटेल एवढे अंतर होते. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. पहिल्या रात्री माझे यजमान सरकत्या दाराला पाठ लावून झोपले, आणि मी दर तासाला उठून कडी चाचपत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही किनाऱ्यावरची खोली मागून घेतली आणि ती मिळालीही. तिथे दारातून बाहेर पडले की पायाखाली वाळू होती. मुलगा दिवसभर खड्डे खणत बसला आणि आम्ही झाडाच्या सावलीत आळीपाळीने झोप काढली. कित्येक रिसॉर्ट पाण्यावरच्या व्हिलांसाठी वयाची किमान अट ठेवतात, तेही आधीच विचारून घ्या.

प्रवाळ:

भरती-ओहोटीबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. अंदमानातल्या शहीद द्वीपवर, म्हणजे २०१८ पर्यंत ज्याला नील म्हणत त्या बेटावर, आम्ही अगदी किनाऱ्याला लागून असलेली जागा घेतली होती. फोटोत खोलीसमोर निळे, काठोकाठ पाणी होते. आम्ही पोहोचलो तो पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, ऐन उधाणात. दुपारी पोहायला निघालो, तर पाणी दूरवर मागे सरकले होते आणि मध्ये सगळा मृत प्रवाळांचा खडक उघडा पडला होता. घोट्याएवढ्या पाण्यात काळ्या समुद्रकाकड्या निपचित पडल्या होत्या, आणि पाऊल ठेवायला जागा शोधावी लागत होती. पत्नीने चपला काढल्या आणि तिसऱ्याच पावलाला तिची टाच कापली. प्रवाळाची जखम चिघळते, त्यामुळे उरलेले दिवस तिला पाण्यात उतरता आले नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा भरती चढते तशी ओहोटीही फार खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी असतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्या किनाऱ्याचे भरतीचे तक्ते आधीच पाहता येतात. ओहोटीतही पोहण्याजोगे पाणी राहते का, हा एकच प्रश्न रिसॉर्टला लेखी विचारावा, आणि जाड तळव्याची पाण्यातली पादत्राणे बरोबर ठेवावीत.

संथ वारा:

आईला घेऊन गेलो होतो. तिचे वय तेव्हा त्र्याहत्तर होते आणि गुडघे दुखत होते. छोट्या बेटावरच्या रिसॉर्टचा विचार आम्ही मुद्दाम सोडून दिला, कारण रात्री-अपरात्री काही झाले तर बोट किंवा विमानाशिवाय रुग्णालय गाठता येत नाही. मॉरिशस निवडले, कारण बेट मोठे आहे, रस्ते आहेत आणि वैद्यकीय सोय मोटारीच्या अंतरावर आहे. जुलै महिना होता. तिथे तेव्हा हिवाळा असतो आणि आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जोरात वाहतात. हे आधी वाचलेले असल्यामुळे पूर्व किनारा टाळून आम्ही पश्चिमेकडे राहिलो, आणि आमच्या बाजूचे पाणी खरोखरच तलावासारखे शांत होते. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळभित्ती आहे, त्यामुळे लाटा दूरच फुटतात. दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ मात्र ती भित्ती तुटलेली आहे आणि समुद्र थेट कड्यावर आदळतो. तिथे फक्त उभे राहून पाहावे. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडे चक्रीवादळांचा काळ असतो, हेही ध्यानात ठेवावे.

तळमजल्याची खोली मागितली होती आणि तीच दिली गेली, याचे मला फार समाधान वाटले. मऊ वाळूत आईला चालता येत नसे, म्हणून ती ओल्या, घट्ट वाळूच्या काठाने माझा हात धरून चालायची. एका सकाळी तिने हात सोडला आणि एकटी पंधरा-वीस पावले पाण्यात गेली. पोटरीपर्यंत पाणी आल्यावर ती थांबली, साडीचा काठ भिजू दिला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. त्या दिवशी आम्ही आणखी कुठेही गेलो नाही.

निळाई:

संथ वारा, तुमच्या आईंचे वाचून डोळ्यांत पाणी आले. त्यांना माझा नमस्कार सांगा.

खोलपाणी:

स्कूबा, म्हणजे हवेची टाकी पाठीला लावून पाण्याखाली पोहणे, करणाऱ्यांसाठी एक गोष्ट आखणीतच धरावी लागते. एकच डाइव्ह केली असेल तर विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा सर्वमान्य दंडक आहे. पाण्याखालच्या दाबामुळे शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी हवेचा दाब कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होतात आणि ते जिवावर बेतू शकते. मी शेवटच्या दुपारची डाइव्ह ठरवली होती. केंद्रावरच्या प्रशिक्षकाने परतीच्या विमानाची वेळ विचारली आणि शांतपणे नाही म्हणून सांगितले. तेव्हा मी रागावलो होतो, आता त्या माणसाचे मनापासून आभार मानतो. आता मी डाइव्ह नेहमी सुरुवातीच्या दिवसांत घेतो आणि शेवटचा पूर्ण दिवस मोकळा सोडतो. निळाईताईंना हवी असलेली विश्रांती अशी आपोआप आखणीत येते.

रातकिडा:

बालीला गेलो तेव्हा आमच्या मुक्कामात न्येपीचा दिवस येतो, हे मी पाहिलेच नव्हते. साधारण मार्चमध्ये येणारा हा तिथला नववर्षाचा मौनदिवस आहे. त्या दिवशी विमानतळ २४ तास बंद असतो, रस्त्यावर कोणी येत नाही, पर्यटकांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर जाता येत नाही, आणि रात्री दिवे मंद ठेवावे लागतात. आमच्या वेळी मोबाइलचे इंटरनेटही बंद होते. ठरलेली एक सहल रद्द झाली म्हणून सकाळी मी खट्टू होतो. दुपारपर्यंत पुस्तकाची दोन प्रकरणे वाचून झाली होती आणि मुलांनी पत्त्यांचा डाव मांडला होता. रात्री अंगणात आडवे झालो, तर इतके तारे दिसले की ओळखीची नक्षत्रेही त्यांत शोधावी लागली. न्येपीच्या दिवशी विमान पकडायचे किंवा उतरायचे नसेल, तर तो दिवस टाळू नका, असेच मी आता सांगतो.

बोरू:

घरटे, तुमचे म्हणणे पटले. आम्ही आज किनाऱ्यावरच्या खोलीसाठी विचारणा केली. जाता जाता आणखी एक शंका आहे: उन्हापासून बचावाचे मलम कोणतेही चालते का?

प्रवाळ:

बोरू, लेबल पाहून घ्या. पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून प्रवाळांना अपायकारक घटकांच्या मलमांवर निर्बंध घातले आहेत; हवाईचा कायदा ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या मलमांच्या विक्रीबद्दल आहे. मुलीसाठी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घेतलात, तर मलम कमी लागेल आणि पाठही भाजणार नाही.

निळाई:

मेणबत्तीने चेन मोकळी झाली, बोरू, आभार. काल रात्री आम्ही दोघे बसलो आणि सकाळी उतरणारे विमान निवडले. त्यासाठी एक दिवस जास्त रजा घ्यावी लागणार आहे, ती मी आजच मागितली. बेट स्पीडबोटीने गाठता येईल असे घेत आहोत. पाच दिवसांसाठी एकच सहल ठरवली आहे आणि ती दुसऱ्या दिवशी आहे. भरतीच्या वेळा आणि ओहोटीतले पाणी याबद्दल रिसॉर्टला पत्र लिहिले आहे, उत्तर आले की इथे कळवते. दूरदेशी, स्पीडबोटीत पाठदुखी असलेल्या माणसाने मागे बसावे की पुढे, हे तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

दूरदेशी:

मागे बसवा, निळाईताई. बोटीचा पुढचा भाग लाटेवर उचलला जाऊन आपटतो, त्यामुळे पाठीला बसणारे हादरे मागच्या बाजूला बरेच कमी असतात. सकाळी समुद्र शांत असेल तर उत्तमच. तरीही बसण्याआधी नावाड्याला पाठदुखीचे सांगून ठेवा, म्हणजे तो बोट सावकाश घेईल.