मेकॅनिकलसाठी मोठं सरकारी विद्यापीठ की छोटं टेक्निकल कॉलेज?

ओळंबा:
दोन्हीकडे प्रवेश मिळतोय. विद्यापीठात चार वर्षांची पदवी, मोठे वर्ग, विषयांची भरपूर निवड. कॉलेजात दोन वर्षांचा डिप्लोमा, वर्कशॉपवर भर. ओढा उत्पादनाकडे आहे, पण पुढे डिझाइनमध्ये जावंसं वाटलं तर दार बंद होऊ नये. काय तपासून ठरवावं?

कातकाम:
माहितीपत्रकातलं शिक्षक-विद्यार्थी प्रमाण बाजूला ठेवा. एका यंत्रामागे किती जण, ते विचारा. समजा वीस जणांची बॅच आहे आणि चालू लेथ (धातू फिरवत कातायचं यंत्र) चार, म्हणजे एका लेथवर पाच जण. दोन तासांतली पहिली वीस मिनिटं सूचनांत आणि जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, यंत्रावर बांधण्यात गेली की प्रत्येकाच्या वाट्याला वीसच मिनिटं येतात. तेवढ्यात फेसिंग (टोक सपाट करणं) आणि थोडं टर्निंग (व्यास कातून कमी करणं) होतं, आटे पाडणं राहूनच जातं. मग ज्यांचा हात आधीच बसलाय तेच चाक फिरवतात, बाकीचे वहीत मापं उतरवून घेतात.
म्हणून प्रात्यक्षिक चालू असतानाच जाऊन बघा. बंद पडलेली यंत्रं मोजा. तासाबाहेर वर्कशॉप उघडं मिळतं का आणि तेव्हा इन्स्ट्रक्टर हजर असतो का, हेही विचारा. छोट्या कॉलेजचं खरं बळ इथे असतं. ते नसेल तर तिथे जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत.

समास:
सहमत. विद्यापीठाची विषयांची यादी नको, गेल्या दोन सत्रांचं वेळापत्रक मागा. पुरेसे विद्यार्थी किंवा शिक्षक नसले की ऐच्छिक विषय कागदावरच राहतात.

ओळंबा:
डिप्लोमानंतर पदवीकडे वळताना नेमकं काय अडतं?

कसोटी:
बहुतेकदा गणित आणि भौतिकशास्त्र. डिप्लोमात भौतिकशास्त्र कॅल्क्युलसशिवाय शिकवलं असेल, तर त्याचे क्रेडिट मिळतातही, पण ऐच्छिक म्हणून. सक्तीचा विषय पुन्हा करावा लागतो. तो झाल्याशिवाय डायनॅमिक्स (गतिशास्त्र) घेता येत नाही, आणि डायनॅमिक्स वर्षातून एकदाच असेल तर अख्खं वर्ष जातं. ‘क्रेडिट मान्य होतात’ एवढ्या उत्तरावर विसंबू नका. कोणत्या विषयाऐवजी कोणता धरला जाईल, याचा तक्ता पदवी देणाऱ्या विभागाकडून लेखी घ्या, डिप्लोमा देणाऱ्या कॉलेजकडून नव्हे. प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रमही जपून ठेवा, समतुल्यता त्यावरूनच ठरते.
मानांकन, म्हणजे दर्जाची अधिकृत मान्यता, संस्थेचं नाही, त्या अभ्यासक्रमाचं बघा. परदेशी जायचं असेल तर आणखी एक गोष्ट: निरनिराळ्या देशांच्या मानांकन संस्था एकमेकांचे अभ्यासक्रम मान्य करतात ते करार वेगळे आहेत. १९८९चा वॉशिंग्टन करार अभियंत्याच्या पदवीसाठी आहे, २००२चा डब्लिन करार तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमासाठी. एकाची मान्यता दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

कातकाम:
तो लेखी तक्ता मिळाला नाही, तर विद्यापीठच घ्या. पहिल्याच सत्रात स्पर्धेची गाडी बांधणाऱ्या विद्यार्थी संघात शिरा. मोठ्या ठिकाणी तासाबाहेर यंत्रं हाताळायला मिळण्याची शक्यता तिथेच जास्त.