‘ट्रान्सल्यूसंट’ कागदाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्नकर्ता, जुळे सोलापूर :
गेली तीन वर्षे मी घराच्या गच्चीवर सायनोटाइप छापतो. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या या पद्धतीत अमोनियम फेरिक सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे मिश्रण कागदाला लावून वाळवायचे, त्यावर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचे आणि नंतर साध्या पाण्यात धुवायचे, की निळे चित्र उमटते. अलीकडे मी जाड ट्रेसिंग पेपरवर छापतो, कारण छापाच्या पाठीला सोनेरी वर्ख लावला की उजळ भागांतून तो झळकतो. नव्या विद्यार्थ्यांसाठीच्या टिपणात मी ‘झिरझिरीत कागद’ असे लिहिले, तर एका स्नेह्यांनी तो शब्द चुकीचा ठरवला. योग्य शब्द कोणता? शिवाय ओला झाल्यावर हा कागद लाटांसारखा वर येतो, त्यावर कोणी उपाय सांगितला तर आभारी राहीन.

यंत्रमागधारक, साखर पेठ :
आपल्या स्नेह्यांचे म्हणणे मला पटते. वीण विरळ पडून दोन धाग्यांमध्ये फट राहिली, म्हणजे कापड झिरझिरीत होते. जुना पंचा उजेडासमोर धरून पाहा. उजेड फटींतून येतो, सूत मात्र काळेच दिसते. ट्रेसिंग पेपरला फट नसते, उजेड त्याच्या अंगातून येतो. हा शब्द झिरपण्यावरून आला असावा, असे माझे मत आहे, आणि झिरपायला भोक लागतेच.

निवृत्त विज्ञान शिक्षिका, रेल्वे लाइन्स :
अण्णा, फट आणि अंग हा भेद आपण फार नेमका सांगितलात. साध्या कागदातील तंतूंच्या मधे हवा असते, तिथे प्रकाश विखुरतो आणि कागद पांढरा, अपारदर्शक दिसतो. शेंगाचटणीची पुडी आठवा : वर्तमानपत्राला तेल लागले, ती हवेची जागा तेलाने घेतली, की त्याच डागातून मागच्या बाजूची अक्षरे वाचता येतात. छायाचित्रणाचे एक आद्य प्रवर्तक टॅलबॉट आपल्या कागदी निगेटिव्हना मेण लावत असत ते याच कारणाने. ट्रेसिंग पेपरचा लगदा इतका कुटलेला असतो की हवेला जागाच उरत नाही. शाळेत आम्ही अशा पदार्थाला ‘अर्धपारदर्शक’ म्हणत आलो, तोच शब्द ठेवावा.

भाषांतरकार, होटगी रोड :
बाई, ‘अर्ध’ म्हणजे निम्मे, पण इथे निम्मे काय आहे? छापील पानावर ट्रेसिंग पेपर टेकवला तर अक्षरे स्पष्ट दिसतात. तोच बोटभर वर उचलला, की उजेड तेवढाच राहतो आणि अक्षरे विरून जातात. उजेड पार येतो, आकृती येत नाही. ‘पारभासक’ या शब्दात ‘भास्’ म्हणजे प्रकाशणे हा धातू आहे, म्हणून तोच अचूक ठरतो.

शिक्षिका :
अचूक असेल, परंतु पाचवीतील मुलाला ‘भास’ म्हटले की भ्रमच आठवतो. ‘अर्धवट झोप’ म्हणताना आपण झोपेचे निम्मे मोजतो का?

निवृत्त आरेखक, सात रस्ता :
आमच्या कार्यालयात या कागदाला सरसकट ‘बटर पेपर’ म्हणत, आणि दुकानदारालाही तोच शब्द कळे. नकाशा त्यावर काढण्याचे कारणच हे होते, की उजेड कागदातून पार जावा आणि रेघेपाशी अडावा. ब्लूप्रिंट म्हणजे सायनोटाइपच, निळ्यावर पांढऱ्या रेघा. पुढे अमोनियाच्या वाफेवर निघणाऱ्या प्रतींत पांढऱ्यावर निळ्या रेघा आल्या, तरी लोक त्यांनाही ब्लूप्रिंटच म्हणत राहिले. वापर असा चालतो.

भाषांतरकार :
काका, आज ‘बटर पेपर’ मागितला तर केकच्या साच्यात घालायचा कागद हाती पडतो. टिपण वाचून विद्यार्थ्याने तोच आणला तर?

यंत्रमागधारक :
दुधी काच म्हणतो, तसा ‘दुधी कागद’ का नको?

शिक्षिका :
ट्रेसिंग पेपरला तो शोभेल, पण तेल लागलेल्या वर्तमानपत्राला कोण दुधी म्हणेल?

प्रश्नकर्ता :
सर्वांचा ऋणी आहे. तूर्त मी ‘उजेड पार येणारा कागद’ असे लिहिले आहे. कागद लाटांसारखा उठतो, त्याचे काय करावे?

भाषांतरकार :
तीन शब्द झाले, आणि ‘पारभासक’ एकच आहे.