'ग्ली'तला आर्टी: मान दिला की वापरून घेतला?

निशिगंध: रानवारा, 'ग्ली' या शाळेतल्या गाणाऱ्या पोरांच्या अमेरिकन मालिकेबद्दल तुमचं ते "ग्लीने वेगळ्या मुलांना मान दिला" वाचलं आणि डोकंच फिरलं. सहा सीझन, १२१ भाग, आणि व्हीलचेअरवरच्या आर्टीचा रोल कुणाला, तर केविन मॅकहेलला, म्हणजे धडधाकट आणि वर डान्सर! मग त्याला नाचवायला स्वप्न आलं, 'ड्रीम ऑन' नावाच्या भागात मॉलमध्ये उठून नाचतो, पुढच्या नाताळच्या भागात पायाला यंत्र बांधून चालवलाच. माझा धाकटा भाऊ लहानपणापासून खुर्चीवर आहे. तो म्हणाला, ताई, माझ्या स्वप्नात मी बस पकडतो, पण खुर्चीसकट.

रानवारा: आणि 'व्हील्स' हा भाग विसरलात? २००९ चा, पहिल्याच सीझनमधला. बसला लिफ्ट नाही, आर्टीला स्पर्धेला त्याचे बाबा गाडीने नेतील म्हणून बाकीची पोरं निवांत, तेव्हा सर सगळ्यांना रोज तीन तास खुर्चीत बसवतात, लिफ्टवाल्या बसच्या पैशांसाठी कपकेक विकायला लावतात. डाउन सिंड्रोम असलेली विद्यार्थिनी बेकी पण त्याच भागात येते आणि तिचं काम करणाऱ्या लॉरेन पॉटरला खरोखर डाउन सिंड्रोम आहे. तेव्हा दुसरं कोण दाखवत होतं हे?

निशिगंध: तीन तास बसून उठता येतं हो. भावाला नाही येत.

गोदाकाठ: तुमचं आर्टीचं चालू द्या, पण मी त्यातल्या कर्टसाठी बघायचो. तो वडिलांना, बर्टला, आपण गे आहोत हे सांगतो तेव्हा बर्ट म्हणतो की तू तीन वर्षांचा असल्यापासून मला माहितीये. गॅरेजवाला माणूस, टोपी घातलेला. मी हेडफोन लावून बघत होतो आणि माझे बाबा शेजारी पेपर वाचत होते. अजून सांगितलेलं नाही त्यांना. त्यामुळे मालिका खोटी आहे असं मला कुणी सांगू नका.

शाळाबाई: खुर्चीचा विषय निघालाच आहे तर बोलते. बावीस वर्षं शिकवतेय. आमच्याकडे एका मुलाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता, शिपाईमामा रोज त्याला उचलून न्यायचे. गॅदरिंगला स्टेजला पाच पायऱ्या, म्हणून त्याला खाली पेटीवाल्याशेजारी बसवून गायला लावलं. गायला छान, पण फोटोत नाही आला.

निशिगंध: वर्ग तळमजल्यावर आणायला काय झालं होतं? बावीस वर्षांत एकदा तरी बोललात का मुख्याध्यापकांशी?

शाळाबाई: बोलले. दोनदा. फंड नाही म्हणाले. तुम्ही माझ्यावर कशाला ओरडताय?

निशिगंध: कारण वर्ग बदलायला फंड लागत नाही बाई, बाकं हलवावी लागतात! २०१६ चा दिव्यांग कायदा आहे, इमारत सोयीची करायला सांगतो. माझ्या भावाला चौथीत "घरीच अभ्यास करू दे" सांगून परत पाठवलं होतं, आई दप्तर घेऊन गेटवर उभी होती.

शाळाबाई: बाकं हलवायची हे मला सुचलं नाही. खरंय.

रानवारा: बघा, ही चर्चा मालिकेमुळेच झाली ना.

निशिगंध: चर्चा भावामुळे झाली. बरं, बेकीचं मान्य, लॉरेन पॉटर भारी आहे. पण २०१३ च्या भागात शाळेत बंदूक आणणारी म्हणून कोण निवडली? बेकीच. त्यावर बोला आता.