निबंधात परिच्छेद कसे पाडायला शिकवायचे?

चौथीवालीची आई: लेक लिहिते भरपूर पण सगळं एका दमात, मांजराच्या निबंधात आधी दूध, मग डोळे, मग परत दूध आणि मधेच मावशीचा कुत्रा. परिच्छेद पाड म्हटलं तर दर तीन ओळी मोजून नवीन सुरू करते 😅 काय करू?

वर्गशिक्षिका: ते ओळी मोजणं आधी बंद करा. मी एकेक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहायला लावते, मग जमिनीवर ढीग करायचे, दिसण्याचा एक, खाण्याचा एक, खोड्यांचा एक, आणि प्रत्येक ढिगाला मुलांनीच नाव द्यायचं. जी चिठ्ठी कुठेच बसत नाही (तुमचा तो कुत्रा!) ती बाजूला. एक ढीग म्हणजे एक परिच्छेद, बास.

एक बाबा: आम्ही लिहून झाल्यावर रंगीत पेन्सिली घेतो, एका मुद्द्याची वाक्यं एका रंगात. पान बघून पोरगा स्वतःच म्हणाला, "अरे, खिचडी झाली!" फक्त लिहिताना मधेमधे टोकू नका, आमचा लिहायचाच थांबला होता.

चौथीवालीची आई: चिठ्ठ्या केल्या आत्ताच. कुत्र्याला पण ढीग हवा म्हणून रडारड चालूय.

वर्गशिक्षिका: मग त्याच्यावर वेगळा निबंध लिहू दे की!