बाहेरचं काम हवंय, शिकायला हाताशी एकच वर्ष. काय करू?

रानभूल: नमस्कार. वय तिशीच्या आसपास. दिवसभर खुर्चीत बसून हिशेब तपासते. सुट्टीत डोंगर चढते, प्रस्तरारोहणही बऱ्यापैकी जमतं. आता पोटापाण्याचं कामच बाहेरचं हवं आहे. अट एकच: शिकण्यात जास्तीत जास्त एक वर्ष घालवू शकते, नवी पदवी शक्य नाही. आठवड्याचे निदान चार दिवस उघड्यावर जातील असं काय आहे?

खडकवेडा: भूशास्त्र. दुसरा विचारच करू नका. पदवी घ्या, मग पदव्युत्तर. हातोडी, भिंग आणि होकायंत्र घेऊन खडकाच्या थरांचा कल मोजत फिरण्यासारखं सुख नाही. मी आजही तितक्याच ओढीने जातो.

रानभूल: दादा, पदवी शक्य नाही असं वर लिहिलंय.

खडकवेडा: वाचलं. तरी सांगतो, पदवीशिवाय नमुने गोळा करणारा मदतनीस म्हणूनच राहाल.

मोजणीदार: सर्वेक्षणात या. छोटे अभ्यासक्रम असतात, वर्षाच्या आत हाताला काम लागतं. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजायचं यंत्र, लावता आलं की कुठेही घेतात.

उंचउडी: टोटल स्टेशनचे दिवस गेले. ड्रोन आणि जीपीएसने अख्खा माळ चटकन मोजून होतो. दोन वर्षांनी ताईंना कोण विचारणार?

मोजणीदार: दाट झाडीत जीपीएस लावून बघा एकदा. पानांनी उपग्रहाचे संकेत अडतात, खोडांवरून परावर्तित होऊन चुकीचं अंतर येतं. तिथे टोटल स्टेशनच लागतं. ड्रोनच्या छायाचित्रांनाही जमिनीवरच्या नेमक्या मोजलेल्या खुणा लागतात. त्या खुणा कोण मोजतो?

उंचउडी: झाडी किती ठिकाणी असते पण?

पाणथळ: तुमचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या. ताई, मी वन्यजीव अभ्यासात आहे, म्हणून फसव्या गोष्टीबद्दल सावध करते. लोकांना वाटतं, आम्ही रोज जंगलात असतो. स्वयंचलित कॅमेरे झाडांना बांधायला थोडे दिवस जातो आणि त्यानंतर कित्येक आठवडे पडद्यासमोर. वाऱ्याने गवत हललं, ऊन तापलं की कॅमेरा रिकामेच फोटो काढतो आणि ते सगळे चाळावे लागतात. मग तक्ते, मग अहवाल. मला ते आवडतं. पण तुम्ही खुर्चीला कंटाळून येताय. कुठलंही क्षेत्र निवडण्याआधी त्यातल्या माणसाला एवढंच विचारा: मागचा आठवडा कसा गेला, सोमवारपासून सांगा. आणि हंगाम सर्वात वाईट असताना त्याच्याबरोबर एक दिवस काढा. चांगल्या हवेत सगळीच कामं छान वाटतात.

वाटाड्या: गिर्यारोहणाचे मार्गदर्शक व्हा. दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा ७०-८० तासांचा अभ्यासक्रम असतो, तो आधी करा. मी ज्यांच्याकडे होतो त्यांनी एका गटाबरोबर मला एकट्यालाच पाठवलं. उतरताना एकाचा घोटा मुरगळला आणि त्याला आधार देत खाली आणेपर्यंत अंधार पडला. तो अभ्यासक्रम केला नसता तर मी गोंधळलो असतो. आणि हे काम डोंगराचं कमी, माणसांचं जास्त. दमलेल्या, घाबरलेल्या माणसांशी दिवसभर गोड बोलता येतं का, ते बघा.

खडकवेडा: पाणथळ यांचं बरोबर आहे, आमच्याकडेही अहवाल असतात. तरीही भूशास्त्रच.

रानभूल: पाणथळताई, हे फार उपयोगी पडलं. दोरावरून उंचीवर करायच्या कामाबद्दल कुणाला माहिती आहे का? पुलांची तपासणी, पवनचक्कीच्या पात्यांची दुरुस्ती वगैरे.

मोजणीदार: नको. शरीर थकलं की काम संपलं. त्यापेक्षा सर्वेक्षण.

वाटाड्या: नको. सुट्टीतलं चढणं वेगळं, आठ तास हार्नेसमध्ये लटकून काम करणं वेगळं. मांड्या बधिर होतात.

उंचउडी: तेही काम आता ड्रोनच करतात.

दोरखंड: ड्रोन भेग दाखवतो, बुजवत नाही. मी हेच काम करतो. 'इराटा' या दोरावरच्या कामाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या पातळीला किमान चार दिवसांचं प्रशिक्षण आणि पाचव्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकापुढे परीक्षा. दुसऱ्या पातळीसाठी निदान एक वर्ष आणि १,००० तासांचं दोरावरचं काम लागतं. नेहमी दोन दोर, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले, आणि कामावर तिसऱ्या पातळीचा पर्यवेक्षक असावाच लागतो. पण नुसतं लटकता येणाऱ्यांची गर्दी आहे. सोबत एक हातचं कौशल्य हवं: रंगकाम, वेल्डिंग, पात्यांच्या फायबरची दुरुस्ती, काहीही. वारा किंवा पाऊस असला की काम बंद, मग पगारही बंद. महिनोन्महिने घराबाहेर राहावं लागतं. हे मंजूर असेल तर या.

रानभूल: सगळ्यांचे आभार. बहुतेकांनी नको म्हटलं तरी दोरच निवडते आहे. आधी फायबर-दुरुस्ती शिकेन, मग पहिली पातळी. त्याआधी कुणाच्या तरी कामाच्या जागी, वारा घोंघावत असताना, दिवसभर उभी राहून बघेन.

खडकवेडा: घाई करताय.

दोरखंड: नोंदवही पहिल्या दिवसापासून भरा आणि तासांवर तिसऱ्या पातळीच्या पर्यवेक्षकाची सही तिथल्या तिथे घ्या. काम संपल्यावर ती माणसं सापडत नाहीत.