मदत हवी आहे : चौथीच्या वर्गात प्राचीन रोम

नमस्कार. चौथीच्या वर्गात प्राचीन रोम हा एकच विषय गणित, विज्ञान व चित्रकलेतून शिकवण्याचा माझा विचार आहे. गणिताची चिंता नाही. रोमन अंकांत शून्य नसल्यामुळे, त्याच अंकांत १०८ गुणिले ७ करायला लावले की आपल्या दशमान पद्धतीची सोय मुलांना आपोआप कळते. अडचण विज्ञानाची आहे : केवळ उताराच्या जोरावर शहरात पाणी आणणारे जलसेतू, ज्यांपैकी फ्रान्समधील पाँ द्यू गार सुमारे ४९ मीटर उंच आहे, वर्गात कशाचे करून दाखवावेत? (पुठ्ठा भिजून मोडतो, हे पाहून झाले.) शिवाय इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने झालेला पाँपेई या रोमन शहराचा विनाश नऊ वर्षांच्या मुलांना न घाबरवता कसा सांगावा, हेही अनुभवी शिक्षकांनी कृपया सुचवावे.