मदत हवी आहे: भागधारकाला कंपनीचे पूर्ण हिशेब कसे मिळतील?

मंडळी, कोणी सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा अशा भानगडीतून गेलेलं असेल तर जरा सांगा.

रत्नागिरीजवळ आंब्याचा पल्प करणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. बहुतेक शेअर तीन भावांकडे, संचालकही तेच. बाबांकडे थोडे शेअर आहेत. यंदा सभेच्या नोटिशीबरोबर ताळेबंदाचा एकच कागद आला. 'इतर येणी' (कंपनीला इतरांकडून यायचे पैसे) गेल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त, पण आकड्यांचा खुलासा करणाऱ्या टिपा नाहीत, ऑडिटरचा अहवाल नाही. हापूस ज्या बागांतून येतो त्या भावांच्याच घरातल्यांच्या नावावर, त्यामुळे आगाऊ रकमा तिकडेच गेल्याची शंका येते. विचारलं तर म्हणे, "घरचीच माणसं तुम्ही, कागद कशाला?"

कंपनी कायदा 2013 च्या कलम 136 प्रमाणे लेखापरीक्षित हिशेब सर्वसाधारणपणे सभेच्या 21 दिवस आधी द्यावे लागतात, आणि कलम 188 खालचे नातेसंबंधातले व्यवहार संचालकांच्या अहवालात यायला हवेत, एवढं वाचलंय. शेअर बाजारातल्या कंपनीत स्वतंत्र संचालक असतात, सेबीचा धाक असतो. इथे मालक, संचालक आणि माल विकणारे एकाच पंगतीला बसलेले!

मागणीपत्र कोणाच्या नावे द्यायचं? एमसीए (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवरच्या एओसी-4 मध्ये, म्हणजे कंपनी हिशेब दाखल करते त्या फॉर्ममध्ये, टिपाही बघायला मिळतात का? कोणाकडे पत्राचा नमुना असेल तर टाका. सभा पुढच्या आठवड्यात आहे, आणि बाबांना वकिलाची नोटीस नकोय. गणपतीत एकमेकांकडे आरतीला जायचं असतं.